विज्ञानकथावाल्यांनो, आपल्या बैठकीत कोणाला जागा आहे?

धूमकेतू | रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण महिनाभर एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

पुण्यात आमचा विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा दहा-बारा जणांचा गट आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, एक कथा वाचायची, चहा, वाद, आठ-साडेआठला पांगायचं. सहा वर्षं हे चालू आहे. गेल्या महिन्यात कोथरूडला, कर्वे पुतळ्याजवळ एकांच्या घरी बसलो होतो. कथा मी निवडली होती, थिओडोर स्टर्जनची १९५३ सालची ‘द वर्ल्ड वेल लॉस्ट’. सगळ्यांना इंग्रजीची सवय नाही, म्हणून मराठीत सांगत सांगत वाचली.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी. दिर्बानू नावाच्या ग्रहावरून दोन जीव पृथ्वीवर येतात. एकमेकांत इतके गुंतलेले, इतके देखणे, की सगळी पृथ्वी त्यांच्यावर जीव टाकते. मग दिर्बानूकडून निरोप येतो, हे आमचे गुन्हेगार आहेत, परत पाठवा. पृथ्वीला त्या ग्रहाशी संबंध जोडायचेच असतात, ती लगेच तयार. दोघा माणसांच्या यानातून त्यांची रवानगी होते. कप्तान बुटका आणि बडबड्या. त्याचा सोबती धिप्पाड, अबोल, पुस्तकांत रमणारा. वाटेत या अबोल माणसाच्या लक्षात येतं की कैद्यांना मनातलं वाचता येतं, आणि तो हादरतो. त्याच्या मनात असं काही आहे जे त्याने जन्मभर कोणाला कळू दिलेलं नाही. तो त्यांना मारायला निघतो. तेव्हा ते चित्रं काढून दाखवतात. दिर्बानूवर नर आणि मादी दिसायला इतके वेगळे, की एका जातीचे आहेत असं वाटूच नये. आणि हे दोघे मात्र एकाच प्रकारचे. एवढाच त्यांचा गुन्हा. अबोल माणूस त्यांना छोट्या नौकेत बसवून सोडून देतो. कप्तानाला खरं कारण कळतं तेव्हा त्याला शिसारी येते. शेवटी कप्तान झोपलाय आणि हा त्याच्याकडे बघत उभा आहे.

वाचून संपलं. क्षणभर सगळे गप्प. मग आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “गोष्ट चांगली आहे हो, पण असले विषय विज्ञानकथेत कशाला घुसडायचे? त्यांना दुसरी ठिकाणं आहेत की.” चार-पाच जण हसले. मीही हसलो. आपण यजमानांच्या घरी आहोत, वाद नको, अशा वेळी माणूस हसतो तसा.

आमच्यातला एक मुलगा, मुलगा म्हणजे पस्तिशीचा, चार वर्षं नियमित येणारा, दर वेळी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावणारा, तो उठला. स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा कप विसळला, ओट्यावर पालथा घातला, “निघतो” म्हणाला आणि गेला. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवरून बाहेर पडला. मी विचारल्यावर एकच ओळ आली, “तुम्ही कथा वाचत होता तेव्हा मला वाटलं होतं की आज सांगावं.”

त्या ओळीने माझी झोप उडवली आहे.

ही कथा छापून आली तेव्हा अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध गुन्हा होते. इलिनॉयने पहिल्यांदा तो गुन्हा काढून टाकला तो १९६१ साली, म्हणजे कथेनंतर आठ वर्षांनी. त्या काळात एका लेखकाला हे लिहावंसं वाटलं आणि त्याला ते लिहायला जागा मिळाली ती विज्ञानकथेत. आणि पुण्यात सत्तर वर्षांनंतर, कायदा बदलल्यावर, ती कथा आवडीने ऐकणाऱ्या खोलीत एका माणसाला बसून राहवलं नाही. हे माझ्या देखत झालं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मराठी विज्ञानकथेत समलिंगी पात्र कोणी वाचलंय का? मला आठवत नाही. आणि दुसरं, तुमच्या गटात असं झालं असतं तर काय केलं असतं?

~~~

लघुकोन | रात्री ११.३२

वाचून अस्वस्थ झालो. सविस्तर उद्या लिहितो.

~~~

पेठकर | रात्री ११.५८

धूमकेतू, तुमचं मन कळलं. तो मुलगा दुखावला याचं मलाही वाईट वाटतं. पण त्या ज्येष्ठ सदस्यांची बाजू कोणी मांडणार नाही असं दिसतंय, म्हणून मी मांडतो.

मी विज्ञानकथा वाचतो ती कल्पनेसाठी. काळ वाकला तर काय, प्रकाशाच्या वेगाने गेलो तर काय, यंत्राला जाणीव आली तर काय. माझ्या मनात कोणाबद्दल द्वेष नाही. कोणी कोणाबरोबर राहावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हल्ली प्रत्येक मालिकेत, प्रत्येक कादंबरीत एक तसं पात्र असतंच, आणि कथेला त्याची गरज नसते. मला ते चिकटवल्यासारखं वाटतं. हे वाटणं म्हणजे असहिष्णुता आहे का? मी प्रामाणिकपणे विचारतोय.

~~~

जीवशास्त्री | सोमवार, सकाळी ७.२०

पेठकर, तुमची ‘काय झालं तर’ ची यादी जरा वाढवते. लिंग ही गोष्ट स्थिर नसेल तर काय? हा जीवशास्त्राचा शंभर टक्के प्रश्न आहे. कॉलेजात मी हे शिकवते. क्लाऊनफिशच्या टोळीतली मोठी मादी मेली की नर मादी होतो. हवाईतल्या एका बेटावर लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास झाला, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश जोड्या मादी-मादी निघाल्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, पिल्लं वाढवणाऱ्या. दिसायला नर-मादी सारखेच, त्यामुळे तोवर हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. स्टर्जनच्या दिर्बानूची बरोबर उलटी बाजू.

निसर्गात आहे म्हणून माणसांत योग्य, असं मी म्हणत नाहीये. तसं म्हटलं तर निसर्गात पिल्लं खाणारेही आहेत. कोणाला माणुसकीने वागवायला पक्ष्याचा दाखला लागू नये. पण ‘हा विज्ञानाचा विषय नाही’ हे मात्र मी मान्य करणार नाही.

~~~

मृगशीर्ष | सकाळी ९.४५

उर्सुला ल ग्विनचं नाव अजून कसं आलं नाही? ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’, १९६९. विज्ञानकथेचे ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार. गेथेन नावाचा बर्फाळ ग्रह. तिथली माणसं एरवी ना पुरुष ना स्त्री, महिन्यातले काही दिवस यापैकी एक होतात, आणि काय व्हायचं ते त्यांच्या हातात नसतं. एकच व्यक्ती एका मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकते. पृथ्वीवरचा दूत तिथे जातो आणि पानोपानी त्याची अडचण होते, समोरच्याला काय समजून बोलायचं ते त्याला कळत नाही.

मी ते ब्रिटिश लायब्ररीतून आणून अकरावीत वाचलं. शेवटी दूत आणि त्याचा गेथेनी मित्र बर्फातून घसरगाडी ओढत जातात, त्या तंबूतल्या प्रकरणावर मी दोन दिवस थांबले होते. एका तंबूत, एका शेगडीशी दोघं, आणि दूताला पहिल्यांदा आपला मित्र पूर्ण दिसतो. तिथे माझ्या मनातलं काहीतरी जागेवरून हललं ते परत बसलं नाही.

पण त्या पुस्तकात उणीव आहे आणि ती तिने स्वतः कबूल केली, म्हणून मला ती बाई मोठी वाटते. सगळ्या गेथेनी लोकांना तिने ‘तो’ म्हटलं. १९७६ च्या निबंधात तिने त्याचं समर्थन केलं होतं. १९८७ मध्ये तोच निबंध पुन्हा छापताना कडेला नव्या टिपा घातल्या, की माझं चुकलं. आणि हेही लिहिलं की गेथेनवर जोड्या नेहमी स्त्री-पुरुष अशाच का लागाव्यात, दोघं एकाच बाजूला वळले तर काय, याचा मी विचारच केला नाही. जिने लिंगच पुसून टाकलं तिलाही हे सुचलं नव्हतं. आपल्या बैठकीतल्या काकांना सुचलं नाही याचा मला म्हणूनच राग येत नाही. न सुचण्याचा राग नाही. कळल्यावरही कडेला टीप न घालण्याचा आहे.

अवांतर: मराठीत ही अडचण दुप्पट. ‘तो गेला, ती गेली, ते गेलं’. आपलं क्रियापदच लिंग विचारतं. कोणी हे पुस्तक मराठीत आणायचं ठरवलं तर पहिल्या पानावर अडेल. भाषांतरकारांनी यावर नक्की लिहावं.

~~~

जुनीवाचक | सकाळी ११.१५

मृगशीर्ष, छान लिहिलंस गं.

माझं वय बहात्तर. अंतरकरांचा ‘नवल’ घरात यायचा तेव्हापासून वाचतेय. धारप वाचले, भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न वाचला, पुढे नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. यांच्या कथांवर मी वाढले, त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण धूमकेतू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला काल रात्री कपाट उघडलं आणि मलाही एक पात्र सापडलं नाही. शास्त्रज्ञ, त्याची बायको, त्याचा मित्र, मित्राची बायको. परग्रहावरचे जीवसुद्धा जोडप्याने येतात ते नवरा-बायको होऊनच.

आणि मराठीला हा विषय नवा आहे असं कोणी म्हणू नये. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ला सुरू झालं. वाचकांच्या हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलच्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू कोर्टात कोणी मांडली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. पण प्रश्न विचारणारा वाचक होता, उत्तर देणारा संपादक होता आणि त्याच्यासाठी उभा राहणारा वकील होता. स्टर्जनच्या कथेच्या एकोणीस वर्षं आधी. आणि तुमची ती बैठक ज्यांच्या पुतळ्याजवळ झाली, त्यांचाच हा मुलगा.

पुढे तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ लिहिलं, १९८१. मुलीच्या प्रेमात पडलेली ती मित्रा रोहिणी हट्टंगडींनी उभी केली होती. सचिन कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ चं, आपल्या पुण्यातलंच घर, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. नाटकाने हे केलं, कादंबरीने केलं. उद्याचं जग दाखवायचा दावा करणारी आपली विज्ञानकथा मात्र या एका बाबतीत कालच्याही मागे राहिली. हे लिहिताना मला दुःख होतंय, कारण ही माझी माणसं आहेत.

~~~

मुठाकाठ | दुपारी १.०५

जुनीवाचक ताई, दंडवत. कर्व्यांचा तो संदर्भ वाचून काटा आला.

चाहत्यांबद्दल थोडं लिहितो, कारण धाग्याचा प्रश्न लेखकांपेक्षा आपल्यासारख्यांबद्दल आहे.

१९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये एका स्टुडिओत टंकलेखिकेचं काम करणाऱ्या बाईने ‘व्हाइस व्हर्सा’ नावाचं मासिक काढलं, समलिंगी स्त्रियांसाठी अमेरिकेतलं पहिलं. साहेबांनी सांगितलेलं होतं, काम नसलं तरी कामात असल्यासारखं दिसायचं. म्हणून ती कार्बन पेपर लावून ऑफिसातच टंकायची. मोजक्या प्रती, हातोहात द्यायच्या. नऊ अंक निघाले. ती बाई तिथल्या विज्ञानकथाप्रेमींच्या गटातली होती. स्वतः टंकायचं, छापायचं, एकमेकांना वाटायचं ही चाहत्यांच्या मासिकांची रीत तिला तिथून ठाऊक होती. पुढे तिने ‘लिसा बेन’ हे नाव घेतलं, त्यातली इंग्रजी अक्षरं फिरवून लावली की लेस्बियन हा शब्द होतो. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी जगाला काही दिलं असेल तर त्यात हे मी फार वर धरतो.

मग ‘स्टार ट्रेक’, अवकाशयानावरची ती मालिका. माझ्या पिढीने ते दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलंय. सत्तरच्या दशकात तिकडे बायकांनी त्यातले कर्क आणि स्पॉक हे दोन नायक एकमेकांच्या प्रेमात आहेत अशा कथा लिहून चक्रमुद्रित अंकांतून वाटल्या. दोन नावांच्या मधल्या तिरक्या रेघेवरून त्या प्रकाराला ‘स्लॅश’ हे नाव पडलं. मालिकेने स्वतः मात्र फार वेळ लावला. सगळ्या वंशांची माणसं एका यानावर उभी करणाऱ्या मालिकेत समलिंगी माणूस यावा म्हणून चाहत्यांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. १९९२ मध्ये ‘द आउटकास्ट’ हा भाग आला, लिंग नसलेल्या जमातीतली एक व्यक्ती स्वतःला स्त्री समजते आणि तिच्यावर ‘उपचार’ होतात. पण ती भूमिका अभिनेत्रीला दिली. समोर रायकरचं काम करणारे जोनाथन फ्रेक्स यांनीच नंतर म्हटलं की तिथे पुरुष नट हवा होता. नियमित पात्रांत समलिंगी जोडपं यायला २०१७ उजाडलं. आमचा सुलू, म्हणजे जॉर्ज ताकेई, यांनी २००५ साली स्वतःबद्दल जाहीरपणे सांगितलं. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. ज्या मालिकेने आम्हाला भविष्य दाखवलं, तिच्यात काम करणाऱ्या माणसाला इतकी वर्षं गप्प बसावं लागलं.

~~~

लघुकोन | दुपारी ३.४०

आता सविस्तर. माझा प्रश्न जरा वेगळा आहे आणि मला खरंच उत्तर हवंय.

मुलाला दहावीच्या सुट्टीत ‘एंडर्स गेम’ दिलं. वेडा झाला. परक्याला इतकं समजून घ्यायचं की समजता समजता त्याच्यावर माया बसते, असं त्या पुस्तकात आहे. मग त्यानेच नेटवर शोधलं आणि मला विचारलं, “बाबा, हे लिहिणारा माणूस समलिंगी लग्नाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या मंडळावर कसा होता?” ऑर्सन स्कॉट कार्ड २००९ मध्ये अशा संस्थेच्या मंडळावर गेले. २०१३ मध्ये चित्रपट आला तेव्हा त्यावर बहिष्काराचं आवाहनही झालं होतं. मला मुलाला काही सांगता आलं नाही.

~~~

पेठकर | दुपारी ४.१०

लघुकोन, पुस्तक वेगळं आणि माणूस वेगळा. पुस्तक चांगलं असेल तर वाचावं.

~~~

मृगशीर्ष | दुपारी ४.२६

इतकं सोपं नाही ते, पेठकर. पुस्तक वाचावं हे मलाही मान्य, माझ्याकडेही आहे. पण नवी प्रत विकत घेताना आपले पैसे कुठे जातात तेवढं बघायला हरकत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणा, लायब्ररीतून आणा. आणि मुलाला उत्तर द्यायची घाई करू नका, लघुकोन. त्याला तो प्रश्न पडला याचा अर्थ पुस्तकाने काम केलंय, लेखकाची इच्छा असो वा नसो.

~~~

मुठाकाठ | सायं. ६.००

चाहत्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझा वरचा प्रतिसाद एकांगी होईल. २०१५ च्या ह्यूगो पुरस्कारांत एका गटाने ठरवून मतं टाकून नामांकनं बळकावली. त्यांची तक्रार साधारण पेठकरांसारखीच होती, की आता कथा पाहून नाही, विषय पाहून पुरस्कार मिळतात. पेठकर, तुमची तुलना त्यांच्याशी करत नाहीये, तुम्ही नीट बोलताय. त्यांच्यातल्या काहींनी मात्र फार विखारी लिहिलं. शेवटी पुरस्कारांसाठी मत देणाऱ्या सभासदांनी पाच विभागांत ‘कोणालाच पुरस्कार नाही’ असं मत दिलं. चाहत्यांचं घर फुटलं ते याच भिंतीवर. आपल्याकडे चाहत्यांच्या मतांवर ठरणारे असे मोठे पुरस्कार नाहीत, म्हणून भिंत दिसत नाही. कोथरूडच्या दिवाणखान्यात ती दिसली.

~~~

सातवा_मजला | रात्री १०.४८

हे खातं आज उघडलं. नेहमीच्या नावाने लिहायचं धाडस नाही.

मी धूमकेतू यांच्या गटातला तो नाही. पण असू शकलो असतो.

मी आणि माझा जोडीदार नऊ वर्षं पुण्यात एकत्र राहतोय, तीन भाड्याची घरं बदलून. एजंटला ‘मावसभाऊ’ सांगतो. दारावर एकच आडनाव. आई गावाहून येणार असली की आदल्या रात्री हॉलमध्ये गादी घालतो आणि चादर हाताने चुरगळतो, तिथे रोज कोणी झोपतं असं वाटावं म्हणून. उशीवर डोकं टेकवून खळगा पाडतो. हे मी इतक्या वेळा केलंय की हात आपोआप चालतात.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने आमच्या नात्याला गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा उभं केलं तेव्हा मी हिंजवडीच्या बसमध्ये होतो. फोनवर बातमी वाचली. २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने जे दिलं होतं ते चार वर्षांत काढून घेतलं. शेजारचा सहकारी क्रिकेटबद्दल बोलत होता, मी हो हो करत होतो. मी सकाळी गुन्हेगार नव्हतो आणि दुपारी होतो. ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल फिरला तेव्हा आम्ही दोघांनी रजा घेतली आणि दिवसभर घरात बसून राहिलो, बाहेर जायचं सुचलंच नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने आमच्यासारख्यांच्या लग्नाला नाही म्हटलं, त्या दिवशी मी ऑफिसला गेलो.

विज्ञानकथा मी बारा वर्षांचा असल्यापासून वाचतो. का, ते मला खूप उशिरा कळलं. तिथे कोणी ‘लग्न कधी करतोस’ असं विचारत नव्हतं. यानावर एकटा माणूस चालायचा. परका असणं हा दोष नव्हता, ती गोष्टीची सुरुवात होती.

पेठकर, तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. नायक प्रयोगशाळेत निघतो, त्याची बायको डबा भरून देते, “आज लवकर या” म्हणते. कथेला त्या डब्याची गरज नसते. तुम्हाला तो कधी घुसडलेला वाटलाय? मला तसा एक डबा हवाय. माझ्यावर कथा नको, लढा नको, रडारड नको. भविष्यातल्या एखाद्या वसाहतीत एक पुरुष दुसऱ्याला डबा भरून देतो आणि गोष्ट पुढे धूमकेतूकडे जाते. एवढं मी मराठीत एकदा वाचलं असतं, तर अठराव्या वर्षी भिडे पुलावर जाऊन तासन्‌तास पाण्याकडे बघत उभा राहिलो नसतो.

~~~

जुनीवाचक | रात्री ११.०५

बाळा, वाचलं. दोनदा वाचलं. तुम्ही दोघं एखाद्या रविवारी माझ्याकडे जेवायला या. मी सांगितलंय म्हणून या. मावसभाऊ म्हणून येऊ नका.

~~~

पेठकर | मंगळवार, पहाटे ५.५०

रात्री उत्तर लिहायला बसलो आणि खोडत राहिलो.

डब्याचा मुद्दा मला कधी सुचला नव्हता. सकाळी माझ्या आवडत्या पाच-सहा कथा मनात आणून बघितल्या. सगळ्यांत डबा आहे. कुठे चहा आहे, कुठे बायकोचा फोन आहे.

एका गोष्टीवर मी अजून ठाम आहे. पात्र आणलं तर ते माणूस म्हणून आणा, कंपनीच्या जाहिरातीत सगळ्या धर्मांची मुलं ओळीने उभी करतात तसं नको. ‘द फॉरेव्हर वॉर’ या कादंबरीत नायक अवकाशातल्या युद्धावरून परत येतो, पृथ्वीवर शतकं उलटलेली, लोकसंख्या आटोक्यात ठेवायला सगळ्यांना समलिंगी केलेलं, आणि आता तोच एकटा विचित्र. कल्पना जबरदस्त आहे, बहुसंख्याला अल्पसंख्य करून दाखवतो. पण तिथेही ती माणसं सरकारी धोरणाचा परिणाम म्हणून येतात. सातवा मजला, तुम्ही म्हणता तो डबा त्यात नाही, हे मला आज दिसलं.

त्या ज्येष्ठ सदस्यांसारखंच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी एका लग्नात बोललो होतो. तिथे कोण कोण बसलं होतं ते आठवतोय.

~~~

अर्धीकथा | सकाळी १०.३०

मी लिहिते, अजून फार छापून आलेलं नाही. सातवा मजला यांचा प्रतिसाद वाचून हे सांगावंसं वाटलं.

गेल्या वर्षी एक विज्ञानकथा लिहिली. चंद्रावरची वसाहत, दोन बायका, एक भूकंपतज्ज्ञ आणि एक पाण्याच्या यंत्रणेवर काम करणारी. चंद्रकंपात एकीचा कक्ष बंद होतो. आत किती ऑक्सिजन सोडायचा हे यंत्रणा ठरवते, आणि यंत्रणेत ‘कुटुंब’ या रकान्यात बाईला पती आणि पुरुषाला पत्नी एवढंच लिहिता येतं. दुसरीला नातेवाईक म्हणून आत बोलायलाही मिळत नाही. पुढचं सगळं त्या रकान्याभोवती घडतं. चंद्रावर भूकंपमापकांनी कंप टिपलेत, अपोलोच्या काळापासून, त्यामुळे विज्ञान मी नीट तपासलं होतं.

एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला. कथा आवडली, गणित चोख आहे, फक्त एकीला पुरुष करा, आमचा अंक कुटुंबात वाचला जातो. मी विचारलं, मग रकान्याचं काय? एकीला पुरुष केलं की रकाना भरतो, ऑक्सिजन सुटतो, कथा तिसऱ्या पानावर संपते. ते म्हणाले, तेवढं बसवा काहीतरी. मी परत मागवली. तेव्हापासून ती लॅपटॉपमध्ये पडून आहे.

~~~

मृगशीर्ष | सकाळी १०.५२

अर्धीकथा, एकीला पुरुष केलं तर कथाच उरत नाही! पेठकर, ‘कथेला गरज आहे का’ याचं उत्तर याहून स्पष्ट मिळेल का? कृपया ती टाकून देऊ नका.

~~~

जीवशास्त्री | दुपारी १२.१५

नारळीकरांची पहिली कथा ‘कृष्णविवर’ १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत गेली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःच्या नावाचा फायदा होऊ नये म्हणून आद्याक्षरं उलटी केलेली. परीक्षकांसमोर फक्त कथा ठेवायची होती. ही आपल्या विज्ञानकथेची सुरुवातीची रीत आहे, आधी कथा वाचा, मग माणूस बघा. अर्धीकथाच्या संपादकांनी कथा वाचली, पसंत केली आणि मग माणसं बदलायला सांगितली. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांची तेवढी रीत तरी आपण ठेवावी असं मला वाटतं.

~~~

धूमकेतू | रात्री ९.३५

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, सगळं वाचलंय.

काल त्याला फोन केला, उचलला नाही. मग मेसेज लिहिला. ‘माफ कर’ लिहायच्या आधी ‘पण’ येत होता, तीनदा खोडला. शेवटी इतकंच लिहिलं, की ते वाक्य ऐकून मी हसलो, ते चुकलं, आणि हे मी सगळ्यांसमोर म्हणणार आहे. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

आज संध्याकाळी त्या ज्येष्ठ सदस्यांकडे गेलो. त्यांच्याशी भांडायचं ठरवून गेलो होतो. त्यांना काय झालं ते माहीतच नव्हतं, त्यांना वाटलं होतं मुलाला घरी जायची घाई असेल. मी त्याची ओळ वाचून दाखवली. त्याच्याबद्दल हे सांगायचा हक्क मला आहे का, या विचाराने मी आधी दोन दिवस घालवले होते, म्हणून नाव घेतलं नाही, पण त्यांनी ओळखलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खुर्च्या लावायचा तोच ना?” पटलं की नाही ते मला कळलं नाही. येणार आहेत म्हणाले.

पुढची बैठक माझ्या घरी, सहकारनगरला. जोआना रसची ‘व्हेन इट चेंज्ड’ वाचायची ठरवलंय, १९७२ ची, नेब्युला मिळालेली. व्हाइलअवे नावाच्या ग्रहावर साथीत सगळे पुरुष गेलेत, सहा-सातशे वर्षं बायकाच जग चालवतायत, लग्नं करतायत, मुली वाढवतायत. मग पृथ्वीवरून चार पुरुष उतरतात आणि सारखं विचारत राहतात की इथली माणसं कुठे आहेत. सांगणारीची बायको शेजारी उभी असते. सातवा मजला, त्या कथेत तुमचा डबा आहे.

अर्धीकथा, तुमची चालणार असेल तर दुसरी कथा तुमची. कोणीही काहीही बदलायला सांगणार नाही.

त्याला वेळ आणि पत्ता पाठवलाय. खुर्च्या या वेळी मी लावणार आहे. बारा आहेत, शेजारून दोन आणतो.

~~~

अर्धीकथा | रात्री ९.५०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. प्रत उद्या पाठवते, शेवटच्या दोन पानांवर अजून हात फिरवायचा आहे.

~~~

सातवा_मजला | रात्री ११.२०

धूमकेतू, पत्ता मलाही व्यनि कराल का? आम्ही दोघं येऊ.